पाहुण्या गणितज्ञाचा मुक्काम लहान विभागांत लांबवा

लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि न्यूझीलंड मॅथेमॅटिकल सोसायटी या दोन संस्था साधारण दर दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या एका संशोधक गणितज्ञाला न्यूझीलंडच्या दौऱ्यावर पाठवतात. या मानाचं नाव फोर्डर व्याख्यातेपद. चारेक आठवड्यांत पाहुण्याने देशातल्या बहुतेक विद्यापीठांत जायचं, संशोधकांपुढे बोलायचं आणि सामान्य श्रोत्यांपुढेही बोलायचं, अशी त्याची रीत आहे. हे पद टिकलं पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमचा वाद आहे तो दिवसांच्या वाटपाशी. अशा दौऱ्यात मोठ्या शहराला जास्त दिवस आणि विद्यापीठातल्या लहान गणित विभागाला एक दुपार, ही वाटणी उलटी करायला हवी.

ज्यांच्या नावाने हे पद आहे ते हेन्री जॉर्ज फोर्डर १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले, केंब्रिजला शिकले, बरीच वर्षं ब्रिटनमधल्या शाळांत शिकवत राहिले आणि १९३४ मध्ये ऑकलंडला प्राध्यापक म्हणून गेले. भूमितीचा तर्कशुद्ध पाया हा त्यांच्या कामाचा विषय. लंडनच्या सोसायटीचे ते देणगीदार होते. १९८७ मध्ये पहिले फोर्डर व्याख्याते म्हणून क्रिस्टोफर झीमन गेले. ही निवड बोलकी होती. संस्थितीशास्त्रात, म्हणजे ताणून-वाकवूनही न बदलणाऱ्या आकारगुणांच्या अभ्यासात, झीमन यांचं काम मोठं होतंच, पण रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नाताळ व्याख्यानांत १९७८ साली मुलांपुढे गणित मांडणारेही तेच होते. म्हणजे पहिल्याच खेपेला दोन्ही निकष एका माणसात पाहिले गेले. संशोधन उच्च दर्जाचं असावं आणि विषयाबाहेरच्या माणसाशी बोलता यावं, या दोन्ही अटी या पदासाठी स्पष्टपणे सांगितलेल्या आहेत. आमच्या मते दुसरी अट तपासण्याची सोय मात्र कमी पडते. शिफारसपत्रात ‘उत्तम वक्ते’ एवढं लिहिणं सोपं असतं. त्याऐवजी शिफारस करणाऱ्याने उमेदवाराच्या एखाद्या जुन्या सार्वजनिक व्याख्यानाचं चित्रीकरण जोडावं आणि निवड समितीतल्या प्रत्येकाने त्यातली वीस मिनिटं तरी सलग पाहावीत. शोधनिबंधांची यादी वाचायला वेळ मिळतो, तर हेही जमायला हवं.

पुरस्कार बहुधा स्वीकारायचा असतो, हा मान मात्र कष्ट करून घ्यावा लागतो. लंडनच्याच सोसायटीचं हार्डी व्याख्यातेपद १९६७ पासूनचं आहे. रामानुजन यांच्यामुळे आपल्याला माहीत असलेल्या जी. एच. हार्डी यांच्या स्मरणार्थ ते सुरू झालं. त्यात परदेशी गणितज्ञ साधारण दोन आठवडे ब्रिटनमध्ये येतो, सोसायटीच्या सभेत मुख्य व्याख्यान देतो आणि त्याशिवाय इतर ठिकाणी किमान सहा व्याख्यानं, तीही वेगवेगळ्या विषयांवर, देतो. ऑस्ट्रेलियात कुर्ट माहलर यांच्या नावाचं पद आहे. माहलर यांचा जन्म १९०३ चा, जर्मनीतला. नंतर त्यांनी मँचेस्टरला आणि १९६३ पासून कॅनबेराला काम केलं. त्यांच्या नावाच्या पदावर २००९ मध्ये टेरेन्स टाओ, २०११ मध्ये पीटर सार्नाक, २०१३ मध्ये अक्षय वेंकटेश, २०१५ मध्ये मंजुल भार्गव, २०१९ मध्ये हॉली क्रीगर अशी माणसं आली. तिथेही अपेक्षा तीच, झेपतील तितक्या विद्यापीठांत जाण्याची. ‘झेपतील तितक्या’ या शब्दांतच अडचण दडलेली आहे. आयोजक ते ‘जास्तीत जास्त’ असं वाचतात.

आता नेहमीचा आक्षेप. व्याख्यानं घरबसल्या पाहता येतात, मग माणूस अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून कशाला न्यायचा? व्याख्यान ऐकणं एवढाच हेतू असेल तर आक्षेप बरोबर आहे. पण गणितात छापून येतं ते शेवटचं, पुसून लख्ख केलेलं रूप. कोणती वाट आधी धरली आणि ती कुठे अडली, कोणत्या उदाहरणाने अंदाज मोडला, कोणता मार्ग अजून कोणी चाचपलेला नाही, हे निबंधात येत नाही आणि पन्नास मिनिटांच्या व्याख्यानातही फारसं येत नाही. ते फळ्यापुढे, दोघातिघांत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत बाहेर येतं. न्यूझीलंडच्याच सुपुत्राचं उदाहरण घ्या. वॉन जोन्स १९८४ मध्ये ज्या बीजगणितांवर काम करत होते, त्यांतली समीकरणं वेण्यांच्या (एकमेकांत गुंफलेल्या धाग्यांच्या) गणिती सिद्धान्तातल्या समीकरणांसारखी दिसत होती. वेण्या आणि गाठी हा जोन बर्मन यांचा हातखंडा. जोन्स त्यांना कोलंबिया विद्यापीठात जाऊन भेटले, बोलले, आणि थोड्याच दिवसांत गाठींचा तो बहुपदी निश्चल, म्हणजे गाठ कशीही ओढली-वळवली तरी न बदलणारी बहुपदी, सापडला जो आज जोन्स यांच्या नावाने ओळखला जातो. १९९० मध्ये क्योटोला त्यांना फील्ड्स पदक मिळालं, त्यामागे हे काम होतं. दोघांचेही निबंध ग्रंथालयात होते. तरी समोरासमोर बसावं लागलं, कारण आपल्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे हेच अशा वेळी पुरतं ठाऊक नसतं.

अशी भेट कोणाला सहज मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावर दौऱ्याची आखणी ठरायला हवी. ऑकलंड हे न्यूझीलंडचं सर्वांत मोठं शहर. आंतरराष्ट्रीय विमानं तिथे उतरतात, परिषदेला आलेला पाहुणा जाता-येता तिथेच एक दिवस थांबतो. पामर्स्टन नॉर्थ किंवा हॅमिल्टन या त्याहून लहान विद्यापीठ-शहरांत कोणी वाट वाकडी करून सहज येत नाही. एखाद्या तुलनेने लहान विभागात एका विषयाचा एकच जाणकार असतो. त्याच्याकडे पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत आपल्या विषयाचा दुसरा आवाजच ऐकलेला नाही, असं होऊ शकतं. मार्गदर्शक कितीही चांगला असला तरी एकाच माणसाच्या सवयी, एकाच माणसाचे पूर्वग्रह विद्यार्थ्यात उतरतात. कोणता प्रश्न अवघड आहे आणि कोणता फक्त जुना आहे, हा विवेक दोन-तीन जाणकारांची मतं ऐकून येतो. म्हणून पाहुण्याचा एक दिवस ऑकलंडला जितका उपयोगी, त्याहून पामर्स्टन नॉर्थला कितीतरी जास्त उपयोगी.

मग अठ्ठावीस दिवस कसे वाटावेत? आमचा हिशेब असा आहे: ऑकलंड चार, हॅमिल्टन पाच, पामर्स्टन नॉर्थ सहा, वेलिंग्टन तीन, क्राइस्टचर्च चार, ड्युनेडिन सहा. प्रवासाचे दिवस यातच धरले आहेत. शहरं सहाच ठेवली आहेत, कोणतंही गाळलेलं नाही. राजधानी वेलिंग्टनमधल्या सहकाऱ्यांना तीन दिवस कमी वाटतील. पण वेलिंग्टन ते पामर्स्टन नॉर्थ अंतर रस्त्याने १४० किलोमीटरच्या आसपास आहे. पाहुणा तिथे सहा दिवस असेल तर वेलिंग्टनच्या विद्यार्थ्यांना दोन दिवसांसाठी तिकडे पाठवा, राहण्याचा खर्च सोसायटीने द्यावा. ऑकलंड आणि हॅमिल्टन यांत सव्वाशे किलोमीटर, म्हणून तिथेही तेच करता येईल. मोठ्या विभागातली मुलं लहान विभागात गेली तर तिथल्या मुलांशी त्यांची ओळख होईल, हा लाभ वेगळाच. सध्याच्या रचनेत प्रवास नेहमी उलट दिशेने होतो.

मार्ग एकाच दिशेचा असावा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. कारण प्रत्येक विभागाचा सेमिनारचा वार ठरलेला असतो, कुठे गुरुवार, कुठे मंगळवार, आणि तो वार साधायला पाहुण्याला वेलिंग्टनहून क्राइस्टचर्च, तिथून परत हॅमिल्टन असं फिरवलं जातं. सेमिनारचा वार एका आठवड्यापुरता बदलणं विभागाला शक्य असतं. त्यासाठी चार महिने आधी वर्गखोल्यांचं वेळापत्रक हाती हवं, एवढंच. दक्षिण बेटावर जाताना विमानच घ्यावं असं नाही. कुकच्या सामुद्रधुनीतून फेरीबोट साडेतीन तासांत पलीकडे नेते. क्राइस्टचर्च ते ड्युनेडिन रस्त्याने ३६० किलोमीटर आहे.

दिनदर्शिकेचा पेच जास्त अवघड आहे. न्यूझीलंडचं पहिलं सत्र फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला चालू होतं, दुसरं जुलैत. ब्रिटिश प्राध्यापकाला मोकळीक मिळते ती मार्चच्या मध्यापासून ईस्टरच्या सुट्टीत किंवा मग उन्हाळ्यात. ईस्टरच्या सुमारास न्यूझीलंडमध्येही सत्राच्या मधली सुट्टी असते, आणि ऑगस्टअखेरही असते. पाहुणा नेमका त्या सुट्टीत पोचला की पदवीचे विद्यार्थी घरी गेलेले असतात, सार्वजनिक व्याख्यानाला सभागृह अर्धं रिकामं राहतं, आणि दोष वक्त्याच्या विषयाला दिला जातो. म्हणून तारखा ठरवताना आधी सहाही विद्यापीठांच्या सुट्ट्या एका कागदावर मांडाव्यात. सुट्टीचा आठवडा टाळता येत नसेल तर तो ज्या ठिकाणी संशोधकांबरोबर बसून काम करायचं आहे तिथे घालावा, व्याख्यानांच्या ठिकाणी घालू नये.

लंडन ते ऑकलंड हे अंतर अठरा हजार किलोमीटरांहून जास्त आहे, प्रवासाला चोवीस तासांहून अधिक लागतात आणि घड्याळात ११ ते १३ तासांचा फरक पडतो. उतरल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी व्याख्यान ठेवूच नये. पहिल्या चार दिवसांत ऑकलंडला सार्वजनिक व्याख्यान ठेवण्याचा मोह होतो, कारण श्रोते तिथे जास्त. पण झोप न झालेला वक्ता सवयीने बोलत राहतो, श्रोत्यांकडे त्याचं लक्ष राहत नाही. ऑकलंडचं सार्वजनिक व्याख्यान चौथ्या दिवशी असावं. परतीचं विमान बहुधा ऑकलंडहूनच सुटतं, तेव्हा ते परतीच्या वाटेवर ठेवलं तर त्याहून बरं.

व्याख्यानांची टोपली लहान असावी. तीन पुरेत: एक सार्वजनिक, एक सगळ्या विभागासाठी, एक विषयातल्या लोकांसाठी. तीच तीन सगळीकडे फिरवावीत. हार्डी पदासारखी वेगवेगळ्या विषयांची अट दोन आठवड्यांच्या, मोठ्या गणिती वस्तीच्या देशात ठीक आहे. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या श्रोत्याने हॅमिल्टनचं भाषण ऐकलेलं नसतं. नवं भाषण तयार करण्यात पाहुण्याचे जे दिवस जातात ते विद्यार्थ्यांच्या वाट्याचे असतात. २००९ च्या दौऱ्यात टाओ यांनी विश्वातली अंतरं माणसाने पायरीपायरीने कशी मोजली, इंटरनेटने गणिती संशोधन कसं बदललं, अविभाज्य संख्यांबद्दल नवं काय कळलं अशा निवडक विषयांचा साठा ठेवला होता. विषय निवडक असले की पाचव्या खेपेला भाषण घडतं. कुठे श्रोते हरवतात ते वक्त्याला कळलेलं असतं.

विभागासाठीचं व्याख्यान, ज्याला कलोक्वियम म्हणतात, सर्वांत जास्त वेळा फसतं. कारण ठरलेलं आहे. श्रोत्यांत त्या विषयाचा एक जाणकार बसलेला असतो आणि वक्ता त्या एकाला डोळ्यांपुढे ठेवून बोलतो. पहिल्या पाच मिनिटांत सात व्याख्या येतात, दहाव्या मिनिटाला खोलीतल्या बहुतेकांनी नाद सोडलेला असतो, आणि सभ्यपणे कोणी उठत नाही म्हणून वक्त्याला ते कळत नाही. पन्नास मिनिटांची विभागणी आधीच सांगून टाकावी. पहिली वीस मिनिटं पदवीपर्यंत गणित शिकलेल्या कोणालाही कळली पाहिजेत. पुढची वीस शेजारच्या शाखेतल्या संशोधकासाठी. उरलेली दहा जाणकारासाठी. निमंत्रणपत्रात हे स्पष्ट लिहिलं तर मोठ्यात मोठा गणितज्ञही ते पाळतो. बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. स्लाइड वापरणार असतील तर मिनिटाला एकीहून जास्त नकोत. फळा वापरणार असतील तर आधी फळे मोजा. एकच फळा असेल तर वक्ता मघाचं समीकरण पुसतो आणि दहा मिनिटांनी त्याचाच आधार घेतो.

सार्वजनिक व्याख्यानाबद्दल आमचं मत ठाम आहे. त्यात एक तरी सिद्धता पहिल्यापासून शेवटपर्यंत आली पाहिजे. नुसती गणिताची थोरवी सांगितली तर श्रोता टाळ्या वाजवून घरी जातो आणि गणित म्हणजे काय हे त्याला आधीइतकंच कळलेलं असतं. सिद्धता लांब असायला नको. बुद्धिबळाच्या पटाच्या एका कर्णाच्या दोन टोकांची कोपऱ्याची घरं कापली तर ६२ घरं उरतात. प्रत्येकी दोन घरं झाकणाऱ्या ३१ सोंगट्यांनी तो पट झाकता येईल का? कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणून एका रंगाची ३२ आणि दुसऱ्याची ३० घरं उरतात. प्रत्येक सोंगटी दोन्ही रंगांचं एकेक घर झाकते, तेव्हा उत्तर नाही. दोन मिनिटांत बारा वर्षांच्या मुलीला अशक्यतेची सिद्धता मिळते, आणि लाखो मांडण्या करून पाहण्याची गरज का नाही हेही कळतं. हे ज्याला मांडता येत नाही त्याला या दौऱ्यावर पाठवू नये.

दौऱ्याचा गाभा मात्र विद्यार्थ्यांचा तास आहे. प्रत्येक ठिकाणी दीड तास, प्राध्यापकांना प्रवेश नाही, जास्तीत जास्त सहा विद्यार्थी. प्रत्येकाने पाच मिनिटं फळ्यापुढे उभं राहून आपण कुठे अडलो आहोत ते सांगायचं. अर्ध्या पानाचं टिपण आठवडाभर आधी पाहुण्याकडे पोचलेलं हवं, नाहीतर पाचातली चार मिनिटं चिन्हं समजावण्यात जातात. विद्यार्थी अडचणीऐवजी निष्कर्ष सादर करू लागला की तास वाया जातो. हे घडतं कारण मार्गदर्शकाने त्याच्याकडून तालीम करून घेतलेली असते, विभागाची अब्रू राखायला. प्राध्यापक बाहेर का हवेत, त्याचं उत्तर हेच. लांब मुक्कामाचा फायदाही इथेच दिसतो. पहिल्या दिवशी लाजलेला विद्यार्थी चौथ्या दिवशी स्वतःहून दार वाजवतो. एका दुपारच्या भेटीत चौथा दिवस येतच नाही. व्याख्यानानंतरचे पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचेच असतील, असंही अध्यक्षाने जाहीर करावं. ज्येष्ठांनी सुरुवात केली की धाकटे गप्प बसतात.

कार्बनचा मुद्दा आम्हाला खरोखरच महत्त्वाचा वाटतो. येऊन-जाऊन छत्तीस हजार किलोमीटरांहून जास्त उड्डाण ही लहान गोष्ट नाही. पण तुलना कशाशी करायची ते पाहा. सहा विभागांतून एकेक जण युरोपातल्या तीन दिवसांच्या परिषदेला गेला तर तेवढंच अंतर सहा वेळा कापलं जातं, आणि मायदेशी राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या पदरात काही पडत नाही. एक माणूस, एक फेरी, चार आठवडे हा हिशेब जास्त सरळ आहे. देशांतर्गत विमानं कमी करणं हातात आहे, ते करावं.

पाहुण्याचा महिना खर्ची पडतो, हाही आक्षेप खरा आहे. संशोधकाला सलग वेळ सोन्यासारखा. म्हणून लांब मुक्कामाच्या ठिकाणी त्याला स्वतंत्र खोली, फळा आणि दुपारी एकपर्यंत पूर्ण मोकळीक द्यावी. रोज रात्री नव्या यजमानांसोबत जेवण हा पाहुणचार नव्हे. आठवड्यातल्या चार संध्याकाळी तरी मोकळ्या सोडाव्यात.

दौऱ्याऐवजी सगळ्यांना एकाच ठिकाणी जमवावं, असंही म्हणता येतं, आणि न्यूझीलंडमध्ये ती परंपरा चांगली रुजली आहे. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारीत, तिथल्या उन्हाळ्यात, शहरापासून दूर कार्यशाळा भरवण्याची प्रथा पाडली. नामवंत गणितज्ञ आठवडाभर विद्यार्थ्यांसोबत राहतात. ती उत्तम आहे आणि तिच्यामुळे दौरा अनावश्यक होत नाही. कार्यशाळेला तोच विद्यार्थी जातो ज्याला आपण संशोधक होणार हे आधीच माहीत आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षातली, अजून काही न ठरवलेली मुलगी कार्यशाळेत नसते. तिच्या गावात पाहुणा सहा दिवस असला तर ती व्याख्यानाला येऊन बसेल.

उरला प्रश्न उलट्या दिशेचा. १९८७ पासून बावीस वर्षं प्रवाह एकाच बाजूने वाहिला: ब्रिटनने पाठवायचं, न्यूझीलंडने ऐकायचं. २००९ मध्ये एटकेन व्याख्यातेपद सुरू झालं तेव्हा कुठे न्यूझीलंडचा गणितज्ञ ब्रिटिश विद्यापीठांच्या दौऱ्यावर जाऊ लागला. अलेक्झांडर क्रेग एटकेन ड्युनेडिनचे, १८९५ चा जन्म, पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जखमी झालेले. १९२३ मध्ये ते एडिनबराला गेले आणि १९६७ मध्ये वारले तोवर तिथलेच राहिले. संख्यात्मक विश्लेषणात, म्हणजे आकडेमोडीने उत्तराच्या जवळ जाण्याच्या शास्त्रात, त्यांच्या नावाची पद्धत आजही शिकवतात. दौऱ्याला त्यांचं नाव देणं योग्यच आहे. पण ब्रिटनची भौगोलिक रचना वेगळी असल्याने तिथला दौरा फोर्डरच्या साच्यात बसवू नये. लंडनहून एडिनबरा रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास लागतात. एटकेन व्याख्यात्याने एका विभागात दोन आठवडे तळ ठोकावा आणि तिथून रेल्वेने जा-ये करावी. तो तळही लंडन, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला नसावा.

आणि दोन्ही पदांच्या अंदाजपत्रकात एका विद्यार्थ्याचं तिकीट असावं. फोर्डर पाहुण्याने सहा ठिकाणच्या छत्तीस विद्यार्थ्यांशी बोलल्यावर एकाचं किंवा एकीचं नाव द्यायचं, गुणवत्तायादी न पाहता, कोणाच्या प्रश्नावर सोबत बसून काम पुढे जाईल एवढंच पाहून. त्या विद्यार्थ्याने वर्षभराच्या आत सहा आठवडे पाहुण्याच्या विभागात जायचं. महाविद्यालयीन वसतिगृहं उन्हाळ्यात रिकामी असतात, त्यामुळे राहण्याची सोय अवघड नाही. तिकिटाची रक्कम मात्र दौऱ्याच्या मूळ मंजुरीतच धरावी लागेल. नंतर मागितली तर मिळत नाही.